शिजवलेल्या वजडीचे पोषणमूल्य : एक सामाजिक-ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अन्नाचा इतिहास हा आता इतिहासलेखनाचा मान्य विषय झाला आहे. तरीही मराठीतील अन्नविषयक लेखन पाहिले असता ते प्रामुख्याने सणवार, नैवेद्य, पंगत आणि पक्वान्न यांच्याभोवती फिरताना दिसते. जे अन्न पंगतीत कधीच वाढले गेले नाही, त्याची नोंद फार उशिरा, आणि तीही मुख्यतः दलित आत्मकथनांतून झाली. वजडी, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या जठराचे मांस, हे अशा अन्नाचे ठळक उदाहरण आहे.

वजडीविषयी दोन परस्परविरोधी मते ऐकावयास मिळतात. एक मत तिला हीन, अस्वच्छ व निकृष्ट ठरविते. दुसरे मत अलीकडचे असून, गरिबांनी नाकारलेल्या अवयवांतूनच उत्तम पोषण मिळविले असा अभिमानाचा दावा करते. दोन्ही मतांमागे अन्नघटकांचा पुरावा क्वचितच तपासलेला असतो. प्रस्तुत लेखात मोठ्या जनावराच्या शिजवलेल्या वजडीचे पोषणमूल्य काय आहे, महाराष्ट्रात हे अन्न कोणाच्या वाट्याला व कोणत्या अटींवर आले, आणि ते नाकारण्याचा निर्णय कोणत्या विचारातून झाला, या तीन प्रश्नांचा एकत्रित विचार केला आहे. हे प्रश्न अनुक्रमे आहारशास्त्र, ग्रामव्यवस्थेचा इतिहास आणि सामाजिक चळवळीचा इतिहास यांच्या कक्षेत येतात. परंतु ते वेगवेगळे सोडविले तर तिन्ही उत्तरे अपुरी राहतात, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

वजडी म्हणजे काय ?

गाय, बैल, म्हैस, शेळी व मेंढी या रवंथ करणाऱ्या प्राण्यांचे जठर चार कप्प्यांचे असते. पहिला व सर्वांत मोठा कप्पा म्हणजे रोमंथिका. तिच्या आतील बाजूस टॉवेलासारखे बारीक उंचवटे असतात. दुसऱ्या कप्प्यास, जालिकेस, मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिसरा कप्पा पुस्तकाच्या पानांप्रमाणे पडद्यांचा, तर चौथा खऱ्या अर्थाने पाचक रस स्रवणारा असतो. खाण्यासाठी प्रामुख्याने पहिले दोन कप्पे वापरले जातात, व तिसराही अनेक ठिकाणी वापरतात.

रचनेच्या दृष्टीने वजडी ही अनैच्छिक स्नायू आणि संयोजी ऊती यांची बनलेली असते. संयोजी ऊतींमध्ये कोलॅजन हे प्रथिन मुबलक असते. म्हणूनच वजडी दोन-तीन तास मंद आचेवर शिजविल्याशिवाय मऊ होत नाही. शिजताना कोलॅजनचे जिलेटिनमध्ये रूपांतर होते आणि रश्शाला दाटपणा येतो. हा साधा पाकविषयक तपशील पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

अन्नघटकांचा पुरावा

अमेरिकेच्या कृषी विभागाच्या अन्नघटक कोष्टकानुसार मोठ्या जनावराच्या १०० ग्रॅम शिजवलेल्या वजडीतून सुमारे ९४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. तीत प्रथिने ११.७ ग्रॅम, स्निग्धांश ४ ग्रॅम, कोलेस्टेरॉल १५७ मिलिग्रॅम, कॅल्शियम ८१ मिलिग्रॅम, जस्त १.६ मिलिग्रॅम, लोह सुमारे ०.७ मिलिग्रॅम आणि बी-१२ जीवनसत्त्व सुमारे ०.७ मायक्रोग्रॅम असते. क जीवनसत्त्व नसते आणि फोलेट नगण्य असते.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. एकूण ऊर्जेपैकी जवळजवळ निम्मी ऊर्जा प्रथिनांतून मिळते. म्हणजे वजडी हे कमी स्निग्धांशाचे, प्रथिनयुक्त अन्न आहे. बी-१२ ची प्रौढ व्यक्तीची दैनंदिन गरज १०० ग्रॅम वजडीतून सुमारे एकतृतीयांश भागते. ज्यांच्या आहारात दूध फारसे नाही, त्यांच्यासाठी ही बाब उपेक्षणीय नाही. जस्ताचाही उल्लेखनीय अंश मिळतो. येथपर्यंत 'निकृष्ट अन्न' हे मत टिकत नाही.

तथापि दुसऱ्या बाजूचा दावाही या पुराव्यावर पूर्णपणे टिकत नाही. वजडीतून भरपूर लोह मिळते, ही समजूत चुकीची आहे. लोहासाठी काळीज, प्लीहा आणि रक्त हे त्याच जनावराचे इतर भाग महत्त्वाचे आहेत. शिजवलेल्या काळजाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ६.५ मिलिग्रॅम लोह आणि ७० मायक्रोग्रॅम बी-१२ असते, म्हणजे बी-१२ वजडीच्या जवळजवळ शंभरपट. यात एक विसंगती जाणवते. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या शरीरात बी-१२ तयार करतात ते रोमंथिकेतील सूक्ष्मजीव. परंतु ते शोषले जाते पुढच्या आतड्यात आणि साठते काळजात. ज्या पिशवीत ते निर्माण होते, तिच्या भिंतीत ते अल्पच राहते. 'मोठ्याचे मांस' किंवा 'अवयवमांस' अशी एकच सरसकट नोंद करून पोषणाविषयी निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे आहे. एकाच जनावराचा कोणता भाग कोणाच्या ताटात गेला, हे कळल्याशिवाय पोषणाचा इतिहास लिहिता येत नाही.

प्रथिनांचे प्रमाण आणि प्रथिनांचा कस

प्रथिनांच्या बाबतीतही केवळ प्रमाण पाहून चालत नाही. कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते. या वस्तुस्थितीला स्वतःचा एक इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमध्ये हाडांपासून काढलेल्या जिलेटिनचे सूप रुग्णांना व गरिबांना देण्याचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. स्वस्तात मांसाचे पोषण मिळेल, अशी त्यामागे कल्पना होती. या दाव्याची तपासणी करण्यासाठी फ्रेंच विज्ञान अकादमीने नेमलेल्या समितीने फ्रान्स्वा मॅजंडी यांच्या नेतृत्वाखाली कुत्र्यांवर प्रयोग केले. केवळ जिलेटिनवर प्राणी जगू शकत नाहीत, असे १८४१ च्या अहवालातून स्पष्ट झाले. गरिबांसाठी कोणते अन्न 'पुरेसे' आहे हे ठरविताना सत्तेला स्वस्ताईचा मोह पडतो, आणि विज्ञानाला तो दावा तपासून पाहावा लागतो, याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

वजडी म्हणजे निव्वळ जिलेटिन नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे. तिच्यातील स्नायूंच्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन असते. तरीही कोलॅजनचा वाटा मोठा असल्याने तिचे प्रथिन मांसल भागाच्या प्रथिनापेक्षा कमी कसाचे ठरते. दख्खनच्या पठारावर या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. येथील कष्टकरी वर्गाचे मुख्य धान्य ज्वारी. १९६० मध्ये सी. गोपालन व एस. जी. श्रीकंटिया यांनी हैदराबाद येथून ज्वारी खाणाऱ्यांमधील पेलाग्रा या रोगाकडे लक्ष वेधले. पेलाग्रा हा नायसिनच्या कमतरतेचा रोग असून शरीर ट्रिप्टोफॅनपासून काही प्रमाणात नायसिन तयार करू शकते. ज्वारीतील ल्युसिनच्या अधिक्यामुळे ही प्रक्रिया बिघडते, असे गोपालन यांचे प्रतिपादन होते. त्यावर पुढे बरीच चर्चा झाली. आपल्या दृष्टीने मुद्दा असा की, ज्वारीची भाकरी आणि वजडी या जोडीतून पोट भरते, प्रथिनांचे प्रमाणही वाढते, परंतु नेमकी जी उणीव ज्वारीप्रधान आहारात संभवते ती भरून काढण्यास वजडी हा सर्वांत समर्थ भाग नव्हे. त्यासाठी डाळ, शेंगदाणे, काळीज वा मांसल भाग अधिक उपयुक्त ठरतो.

भारतीय आहारशास्त्राची नोंदपरंपरा

भारतात अन्नघटकांची पद्धतशीर नोंद कुन्नूर येथील संशोधनातून सुरू झाली. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी तेथे पायाभूत काम केले. त्यांच्यानंतर डब्ल्यू. आर. अॅक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलविण्यात आली व १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. १९७१ मध्ये गोपालन व सहकाऱ्यांनी सिद्ध केलेली कोष्टके अनेक दशके गृहविज्ञानाच्या अभ्यासक्रमांत वापरली गेली. २०१७ मध्ये संस्थेने ५२८ अन्नपदार्थांची नवी कोष्टके प्रकाशित केली.

मुंबईचाही या इतिहासात वाटा आहे. ल्युसी विल्स या ब्रिटिश वैद्यकीय संशोधिकेने १९२८ पासून मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या, त्यांत गिरणी कामगार स्त्रियांच्या, रक्तक्षयाचा अभ्यास केला. काळजाचा अर्क व यीस्टचा अर्क यांनी हा रक्तक्षय बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले. त्यातूनच पुढे फोलेट या जीवनसत्त्वाचा शोध लागला. ज्या काळात मुंबईत काळजाच्या अर्काचे औषधी मोल सिद्ध होत होते, त्याच काळात महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जनावराच्या अवयवांवरून एक वेगळाच संघर्ष उभा राहिला होता. या दोन घटनांचा एकत्र उल्लेख आपल्या पाठ्यपुस्तकांत आढळत नाही.

वाट्याला आलेले अन्न : वतन आणि सक्ती

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे विस्तृत वर्णन आहे. या व्यवस्थेत गावातील मेलेले जनावर ओढून नेणे हे महारांचे काम मानले जाई आणि त्या जनावराचे मांस हा त्यांचा 'हक्क' समजला जाई. कातडे कोणाकडे जावे, याविषयी गावोगावी वेगवेगळ्या रूढी होत्या व त्यावरून तंटेही होत. बिदरच्या बादशहाने बावन्न हक्क दिले, अशी मौखिक परंपरा या हक्कांना जोडलेली आहे.

'हक्क' हा शब्द येथे फसवा आहे. जो हक्क नाकारता येत नाही, तो हक्क नसून सक्ती होय. जनावर ओढण्यास नकार दिला तर बलुते बंद होण्याची, प्रसंगी बहिष्काराची भीती असे. म्हणजे हे अन्न निवडीतून आलेले नव्हते. ते एका सेवेला बांधलेले होते आणि त्या सेवेवरूनच तिच्या कर्त्याला अस्पृश्य ठरविले जाई. आत्मकथनांतून, विशेषतः बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' सारख्या लेखनातून, या अन्नाभोवतीचे दारिद्र्य, वाटणीची रीत आणि बायकांचे कष्ट यांचे दर्शन घडते. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने तर मराठवाड्यातील दलित खाद्यसंस्कृतीची पाककृतींसह नोंद केली. मांसाच्या लांब पट्ट्या वाळवून केलेल्या चान्या, रक्ती, वजडी हे शब्द त्यामुळे मराठी वाचकांच्या व्यापक वर्गापर्यंत पोहोचले.

पोषणाच्या दृष्टीने मेलेल्या आणि कापलेल्या जनावराच्या मांसाच्या कोष्टकातील आकडे फारसे वेगळे नसतील. वेगळे असते ते संकट. जनावर मेल्यावर रोमंथिकेतील आंबण्याची क्रिया थांबत नाही. वायू साठून पोट फुगते आणि सूक्ष्मजीव भोवतालच्या ऊतींत शिरू लागतात. त्यामुळे मृत जनावराच्या शरीरात लवकर बिघडणाऱ्या भागांत वजडीची गणना करावी लागते. जनावर काळपुळीसारख्या रोगाने मेले असेल तर ते सोलणाऱ्याच्या जिवावरही बेतू शकते. अन्नघटकांच्या कोष्टकात या जोखमीसाठी रकाना नाही.

वजडी आणि पाणी

वजडी स्वच्छ करण्याच्या कृतीकडे इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. आतील शेण-चारा काढून टाकणे, पुन:पुन्हा धुणे, गरम पाण्यात बुचकळून वरचा काळसर थर सुरीने खरवडणे, कधी चुना लावून घासणे, पुन्हा धुणे आणि मग दीर्घकाळ शिजविणे, असा हा क्रम आहे. यासाठी मुबलक पाणी, सरपण आणि काही तासांचे श्रम लागतात. हे श्रम बहुतांशी स्त्रियांचे होते.

येथे एक मूलभूत विरोधाभास समोर येतो. जे अन्न खाण्यायोग्य करण्यासाठी सर्वाधिक पाणी लागते, ते अन्न नेमके अशा समाजाच्या माथी मारले गेले की ज्याला सार्वजनिक पाण्याला स्पर्श करण्याची मुभा नव्हती. गावच्या विहिरीवर ओंजळभर पाण्यासाठी ताटकळणाऱ्या बाईने वजडी दहा पाण्यांतून काढावी, ही अपेक्षाच अमानुष होती. मग अपुऱ्या पाण्यात धुतलेल्या अन्नावरून तिला 'घाणेरडी' ठरविण्यात आले. अस्वच्छतेचा जो आरोप अन्नावर आणि खाणाऱ्यावर केला गेला, तो वस्तुतः पाण्याच्या विषम वाटपावर करावयास हवा होता.

मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव संमत होऊन सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे धोरण स्वीकारले गेले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. परंतु प्रत्यक्षात तळे बंदच राहिले. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मृत जनावराचे मांस व उष्टे अन्न सोडण्याचे आवाहन केले आणि २० मार्चला हजारो लोकांनी तळ्यावर जाऊन पाणी घेतले. आपल्या इतिहासलेखनात तळ्याचा सत्याग्रह ठळकपणे येतो आणि मृतमांसाचा त्याग हा आचारसुधारणेचा पोटविषय म्हणून येतो. वजडीच्या धुण्याचा विचार केला म्हणजे ही दोन्ही पावले एकमेकांना जोडलेली दिसतात. पाण्यावरचा अधिकार मागणे आणि पाण्याविना लादलेले अन्न नाकारणे या एकाच मागणीच्या दोन बाजू होत्या.

कोष्टकाबाहेरचा हिशेब

हा त्याग पोषणाच्या व उत्पन्नाच्या दृष्टीने तोट्याचा आहे, असा युक्तिवाद त्या काळीही झाला. धर्मांतरानंतर १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे केलेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी त्याची आठवण सांगितली आहे. मृत जनावरांचे कातडे, शिंगे, हाडे, मांस यांपासून दरसाल किती रुपये मिळतात, आणि ते सोडल्यामुळे अस्पृश्यांचे किती नुकसान होते, असा हिशेब वृत्तपत्रातून मांडला गेला होता. त्यावर, हा व्यवहार एवढा फायद्याचा असेल तर हिशेब मांडणाऱ्यांनी तो स्वतः करून पाहावा, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले होते. माणसाला लाभापेक्षा प्रतिष्ठा प्रिय असते, हा त्या उत्तराचा गाभा होता.

आहारशास्त्राच्या अभ्यासकांनी हा प्रसंग मुद्दाम लक्षात घ्यावा. वृत्तपत्रातील तो हिशेब आकड्यांत कदाचित चुकीचा नसेल. परंतु त्यात मोजमापाची चौकटच चुकीची होती. १०० ग्रॅम वजडीतून मिळणारी ११.७ ग्रॅम प्रथिने ही जशी वस्तुस्थिती आहे, तशीच ती प्रथिने कोणत्या अटीवर मिळत होती हीदेखील वस्तुस्थिती आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये महार वतनाच्या कायद्यात सुधारणा सुचविणारे विधेयक मांडले, ते याच अटीवर घाव घालण्यासाठी. ते त्या वेळी संमत झाले नाही. कनिष्ठ ग्रामवतने रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या मूळविषयक ग्रंथात त्यांनी गोमांसभक्षण आणि अस्पृश्यता यांचा संबंध ऐतिहासिक दृष्टीने मांडला. त्यातून अन्न हा सामाजिक श्रेणी ठरविणारा निकष कसा बनला, हा प्रश्न संशोधनाच्या कक्षेत आला.

मृतमांस सोडणे आणि वजडी सोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही नमूद केले पाहिजे. खाटिकाच्या दुकानातून पैसे देऊन, निवडून आणलेली वजडी अनेक घरांत पुढेही शिजत राहिली. शहरांत ती विविध जातिधर्मांच्या लोकांच्या आवडीचे अन्न झाली. अन्न तेच, पण संबंध बदलला. जगात इतरत्रही असेच दिसते. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात वजडी हे गिरणी कामगारांचे स्वस्त अन्न होते, तर फ्रान्समधील काँ या शहराने त्याच अवयवाच्या पाककृतीला प्रादेशिक अभिमानाचे स्थान दिले. हीनता अवयवात नसते, हे यावरून सिद्ध होते.

महाराष्ट्रातील आजची कायदेशीर स्थितीही ध्यानात घ्यावी लागते. १९७६ च्या पशुसंरक्षण अधिनियमाने गायीच्या कत्तलीवर बंदी होती. १९९५ च्या दुरुस्ती विधेयकास २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाल्यावर ती बंदी बैल व वळू यांनाही लागू झाली. म्हशीवर्गीय जनावरे या बंदीत येत नाहीत. त्यामुळे राज्यात कापलेल्या मोठ्या जनावराची वजडी म्हणजे आज म्हशीवर्गीय जनावराची वजडी होय. परदेशी कोष्टकांतील गोवर्गीय आकडे आपल्याकडे वापरताना ही मर्यादा अभ्यासकांनी स्पष्ट केली पाहिजे.

निष्कर्ष

१) शिजवलेली वजडी हे कमी स्निग्धांशाचे प्रथिनयुक्त अन्न असून तिच्यातून बी-१२ व जस्त यांचा उपयुक्त अंश मिळतो. तिला निकृष्ट म्हणण्यास आहारशास्त्रीय आधार नाही.

२) लोह व फोलेट यांच्या दृष्टीने ती दुर्बल आहे आणि तिच्या प्रथिनाचा कस कोलॅजनमुळे मर्यादित आहे. तिचे अवास्तव गौरवीकरणही पुराव्याला धरून नाही. डाळ व पालेभाजी यांच्या जोडीनेच ती आहारात बसते.

३) वजडीवरील अस्वच्छतेचा कलंक हा अवयवाचा गुणधर्म नसून मृत जनावराची सक्ती आणि पाण्याची बंदी यांतून निर्माण झाला.

४) १९२७ चा मृतमांसत्याग हा पोषणाच्या अज्ञानातून झाला नव्हता. पोषणाची किंमत माणुसकीने मोजण्यास दिलेला तो नकार होता.

आपल्या महाविद्यालयांत गृहविज्ञान, इतिहास आणि मराठी हे विभाग बहुधा एकाच इमारतीत असतात, पण वजडीचा विषय निघाला तर तिन्ही विभागांची पुस्तके वेगवेगळी बोलतात. वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याच्या घरी शिजणारे अन्न अभ्यासक्रमात आले नाही, तर त्या अन्नाविषयी बोलताना त्याची मान खाली जाते. आणि ते केवळ अभिमानाचे प्रतीक म्हणून आले, तर त्यामागचे पाणी, सरपण आणि आईचे श्रम नजरेआड होतात. अन्नघटकांचे कोष्टक आणि आत्मकथनाचे पान शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची सवय प्राध्यापकवर्गाने स्वतःला लावून घेतली, तर या दोन्ही चुका टाळता येतील.